नेटवर्क तुटक असेल तर मेसेज कोणाच्या हाती द्यायचा? एपिडेमिक, स्प्रे अँड वेट, प्रॉफेट की मॅक्सप्रॉप

प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो. आमच्याकडे पन्नास-शंभर फोन आहेत किंवा गाड्यांवर बसवलेले वायफायचे डबे आहेत, मध्ये टॉवर नाही, मेसेज हातोहात पुढे सरकवायचेत, तर राउटिंग, म्हणजे मेसेज कोणाकडून कोणाकडे न्यायचा हे ठरवायची पद्धत, कुठलं घेऊ? आणि विचारणाऱ्याच्या मनात उत्तरही अर्धं ठरलेलं असतं, की अमुक पेपरच्या ग्राफमध्ये मॅक्सप्रॉपची रेघ सगळ्यात वर होती म्हणून तेच घेतो. मला ही घाई मनापासून खटकते, कारण त्या ग्राफमागे बसा किती होत्या, बफर, म्हणजे मेसेज साठवायची जागा, केवढा होता, दोन गाड्या एकमेकींच्या रेंजमध्ये किती सेकंद राहायच्या हे कोणी बघत नाही, आणि सहा महिन्यांनी आपलं नेटवर्क का चालत नाही हे शोधत बसावं लागतं. म्हणून इथे मी सगळे पर्याय शेजारी शेजारी ठेवतोय, पण नावं घ्यायच्या आधी थोडं गणित करू, कारण माझा ठाम अनुभव आहे की गणित नीट केलं की अर्धी नावं आपोआप गळतात.

त्याच्याही आधी एक साधी गोष्ट तपासा. तुमच्याकडे बहुतेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडलेला रस्ता असतो का? असेल, मग मधल्या नोड, म्हणजे नेटवर्कमधले फोन किंवा डबे, हलत असल्या तरी चालेल, तर तुम्हाला हे सगळं नकोच, एओडीव्ही किंवा ओएलएसआर हे जोडलेल्या नेटवर्कचे राउटिंग प्रोटोकॉल बघा, दोन्ही २००३ पासून आरएफसीत, म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत, आहेत (३५६१ आणि ३६२६). ते आधी रस्ता शोधतात आणि मग पॅकेट सोडतात. रस्ता सापडलाच नाही किंवा मध्येच तुटला तर थोडी वाट बघून पॅकेट टाकून देतात, इथेच त्यांचं आणि आपलं फाटतं. तुटक नेटवर्कमध्ये नोडनं मेसेज स्वतःजवळ ठेवायचा, घेऊन फिरायचं, कोणी भेटलं की ठरवायचं की याला देऊ का नको. रस्ता एका क्षणी कधीच पूर्ण नसतो, तो वेळेत पसरलेला असतो, सकाळी एक तुकडा जुळतो आणि दुपारी दुसरा. केव्हिन फॉल यांनी २००३ च्या सिगकॉम परिषदेत या विचाराची चौकट मांडली, पुढे त्यातून बंडल प्रोटोकॉल आला, २००७ ला आरएफसी ५०५० आणि २०२२ ला सातवी आवृत्ती आरएफसी ९१७१. पण बंडल प्रोटोकॉल मेसेज कसा गुंडाळायचा ते सांगतो, कोणाला द्यायचा ते सांगत नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे.

आधी कॉपीचं बजेट

या विषयात काम करणारे जवळजवळ सगळे कधी ना कधी वन नावाचा सिम्युलेटर वापरतात, हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेला, जावामधला. त्याची डिफॉल्ट सेटिंग घेऊ, म्हणजे आकडे कोणालाही पडताळता येतील. एकूण १२६ नोड, त्यात १२० माणसं आणि गाड्या, ६ ट्राम. माणूस किंवा गाडीचा बफर ५ एमबी, ट्रामचा ५०. साधारण दर ३० सेकंदांनी एक नवा मेसेज, आकार अर्धा ते एक एमबी, म्हणजे सरासरी पाऊण. मेसेजचं आयुष्य, म्हणजे टीटीएल, ३०० मिनिटं.

आता बघा, ३०० मिनिटांत ६०० मेसेज तयार होतात, म्हणजे कुठल्याही क्षणी साधारण ६०० मेसेज जिवंत, त्यांचं वजन ४५० एमबी. आणि सगळ्या नोडचे बफर एकत्र केले तर १२० गुणिले ५ अधिक ६ गुणिले ५०, झाले ९०० एमबी. म्हणजे पोचलेल्या मेसेजच्या उरलेल्या कॉपी कोणी पुसत नसेल तर प्रत्येक जिवंत मेसेजच्या वाट्याला सरासरी दोन कॉपी येतात. फक्त दोन! आणि एपिडेमिक भेटेल त्याला कॉपी देतो, त्याला हव्या असतात १२६. साध्या नोडच्या बफरमध्ये तर सहा-सात मेसेज मावतात, आठवा आला की कोणीतरी बाहेर. या सेटिंगवर एपिडेमिक हरतो असा निष्कर्ष काढून कितीतरी जण मोकळे होतात, पण हा निकाल सिम्युलेटर चालू करायच्या आधीच कागदावर दिसत होता.

हाच हिशोब उलटा लावता येतो, आणि मला तो जास्त आवडतो. प्रत्येक मेसेजच्या सहा कॉपी हव्या असतील तर याच नेटवर्कमध्ये टीटीएल किती ठेवू? १०० मिनिटांत २०० मेसेज, वजन १५० एमबी, गुणिले सहा, बरोबर ९००. म्हणजे टीटीएल १०० मिनिटांच्या पुढे गेलं की सहा कॉपीसुद्धा मावत नाहीत. एकूण साठा भागिले जिवंत डेटा, एवढंच ते बजेट, दोन मिनिटांचं काम आहे पण ते केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरं बजेट भेटीचं. तिथेच ब्लूटूथची रेंज १० मीटर आणि वेग सेकंदाला २५० केबी धरलाय. दोन माणसं समोरासमोरून चालत गेली, दोघांचा मिळून वेग सेकंदाला २ मीटर, तर रेंजमध्ये २० मीटरचा प्रवास, १० सेकंद, म्हणजे अडीच एमबी, तीन मेसेज. आणि ही कागदावरची गोष्ट झाली, प्रत्यक्षात जुन्या क्लासिक ब्लूटूथला आजूबाजूला कोण आहे हे शोधायलाच एका पूर्ण फेरीत १०.२४ सेकंद लागतात, म्हणजे ओळख होईपर्यंत माणूस निघून गेलेला असतो. त्यामुळे तुमच्या भेटी चालता चालता होणाऱ्या आहेत का एकत्र बसून होणाऱ्या, हे प्रोटोकॉलच्या नावापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. तीनच मेसेज द्यायला वेळ असेल तर कुठले तीन हा प्रश्न येतो, आणि कुठले तीन याचं उत्तर प्रत्येक प्रोटोकॉल वेगळं देतो.

एपिडेमिक

ड्यूक विद्यापीठातल्या वाहदत आणि बेकर यांनी २००० मध्ये हे मांडलं. दोन नोड भेटल्या की आपापल्या मेसेजची यादी एकमेकींना दाखवतात, तुझ्याकडे नाही ते मी देते, माझ्याकडे नाही ते तू दे, संपलं. साथीचा रोग पसरतो तसं. यात कोणी कोणाबद्दल काहीही शिकत नाही, अंदाज नाही, इतिहास नाही, आणि म्हणूनच तो चुकत नाही. जागा आणि भेटीचा वेळ मुबलक असेल तर यापेक्षा लवकर मेसेज पोचवणारं काही असूच शकत नाही, कारण तो सगळेच रस्ते एकदम चालतो आणि त्यात सगळ्यात जवळचाही आलाच.

म्हणून छोट्या मजकुराला मी एपिडेमिक बिनधास्त सुचवतो. १२६ नोड, त्याच दराने मेसेज, पण आकार पाऊण एमबीऐवजी १ केबी घ्या, तर ६०० जिवंत मेसेजचं वजन जेमतेम ६०० केबी, प्रत्येक नोडकडे सगळेच्या सगळे मावतात आणि १० सेकंदांच्या भेटीत ते सगळे देऊनही वेळ उरतो. आपत्तीच्या वेळी "मी सुखरूप आहे, अमुक ठिकाणी आहे" एवढाच निरोप द्यायचाय तर त्यासाठी हुशार राउटिंग शोधत बसणं म्हणजे वेळ घालवणं. फोटो आणि व्हॉइस नोट आले की मात्र चित्र पालटतं, एक जाड फाइल शंभर निरोपांना बफरमधून ढकलते.

खर्च बॅटरीत बसतो. एन नोड असतील तर एक मेसेज जास्तीत जास्त एन वजा एक वेळा प्रसारित होतो, आणि पोचल्यावरही उरलेल्या नोडला ते कळत नाही, त्या बिचाऱ्या टीटीएल संपेपर्यंत वाटतच राहतात. यावर उपाय आहे, पुढे सांगतो.

स्प्रे अँड वेट

स्पायरोपौलोस, साउनिस आणि राघवेंद्र यांचा हा २००५ चा विचार, आणि माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातला सगळ्यात प्रामाणिक. मेसेज जन्मतानाच ठरवायचं की याच्या एल कॉपी निघतील, एकही जास्त नाही. बायनरी प्रकारात ज्याच्याकडे एकापेक्षा जास्त कॉपींचा हक्क आहे तो भेटलेल्याला निम्म्या देतो, १६ असतील तर ८-८, मग ४-४, चार फेऱ्यांत सोळा जणांकडे एकेक. एकच उरली की स्प्रे संपला, आता वाट बघायची, थेट ज्याचा मेसेज आहे तोच भेटला तर द्यायचा. पंधरा वेळा वाटणी आणि एकदा अंतिम भेट, म्हणजे कितीही मोठं नेटवर्क असू दे, या मेसेजसाठी रेडिओवर जास्तीत जास्त सोळाच प्रसारणं होतात. खर्च तुमच्या हातात असतो आणि आधीच माहीत असतो, आणि वर काढलेलं कॉपीचं बजेट हाच एल असतो. दुसऱ्या कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये हिशोब इतका सरळ बसत नाही.

कमजोरी कुठे? वाट बघण्यात. ज्यांच्याकडे कॉपी गेल्या ते सगळे भरपूर फिरणारे असतील तर सोळापैकी एक तरी गाठतोच. पण माणसं अशी फिरत नाहीत, आपापल्या इमारतीत, आपापल्या मजल्यावर, त्याच चार लोकांत असतात, आणि मग सोळाच्या सोळा कॉपी पहिल्या तासाभरात एकाच घोळक्यात वाटल्या जातात आणि तिथेच बसून राहतात. मेसेज दुसऱ्या इमारतीत जायचा असतो आणि तिकडे जाणाऱ्या एकमेव माणसाला कॉपी मिळालेलीच नसते कारण तो उशिरा भेटला. याच लेखकांनी २००७ मध्ये स्प्रे अँड फोकस आणलं, त्यात शेवटची कॉपी नुसती बसत नाही, जास्त योग्य नोड भेटली तर तिच्याकडे सरकते. तुमच्याकडे असे घोळके असतील तर साधं वेट घेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

आणखी एक, वनमध्ये या राउटरची डिफॉल्ट एल सहा आहे आणि बायनरी मोड चालू आहे का ते सेटिंगमध्ये बघून घ्यावं लागतं. एल सहाच का, असं विचारलं की बरेच जण गप्प होतात. नोड किती, बजेट किती, यावरून तो काढा.

प्रॉफेट

इथून पुढे भेटींचा इतिहास वापरणं सुरू होतं. लिंडग्रेन, डोरिया आणि शेलेन यांनी २००३ मध्ये मांडलेलं, नंतर २०१२ ला आरएफसी ६६९३ झालं, आणि सुरुवातीची प्रेरणा उत्तर युरोपातल्या सामी लोकांपर्यंत नेटवर्क पोचवण्याची होती, म्हणजे खऱ्या गरजेतून आलेला प्रोटोकॉल आहे. कल्पना अशी की जे वारंवार भेटतात ते पुन्हा भेटतील. प्रत्येक नोड बाकीच्यांसाठी शून्य ते एक असा एक आकडा ठेवते. भेट झाली की वाढतो, भेट नाही तर वेळेबरोबर झिजतो, आणि मी तुला भेटतो, तू तिला भेटतेस, म्हणून मलाही तिच्याबद्दल थोडा आकडा मिळतो. समोरच्याचा आकडा माझ्यापेक्षा मोठा असेल तर त्याला मेसेज द्यायचा.

मूळ पेपरमधले आकडे घेऊन बघू. पहिल्या भेटीला ०.७५. लगेच दुसरी भेट झाली तर ०.९३७५, तिसरी झाली तर ०.९८ च्या वर. आता दोन फोन रेंजच्या काठावर आहेत आणि लिंक तीनदा तुटून जुळली तर प्रोटोकॉलला वाटतं हे दोघं जिवाभावाचे! पार्किंगमध्ये शेजारी उभ्या गाड्यांवरून याला पार्किंग लॉटची अडचण म्हणतात, आणि दुसऱ्या आवृत्तीत ती दुरुस्त केलीये, लागोपाठच्या भेटींचं वजन कमी धरतात. आरएफसीतली आवृत्ती तीच आहे. वनमधल्या साध्या प्रॉफेट राउटरमध्ये जुनं सूत्र आहे, हे लक्षात ठेवा.

पण मला जास्त बोलायचंय ते झिजण्याबद्दल, कारण इथे मी स्वतः पुष्कळ दिवस चुकलोय. गॅमा ०.९८, म्हणजे प्रत्येक टाइम युनिटला आकडा दोन टक्के घटतो. छान वाटतं. पण युनिट केवढं? वनच्या डिफॉल्टमध्ये ३० सेकंद. एका तासात १२० युनिट, ०.९८ चा १२० वा घात सुमारे ०.०८९, म्हणजे ०.७५ चं तासाभरात ०.०६६ उरतं. जी माणसं रोज एकदा भेटतात त्यांची ओळख संध्याकाळपर्यंत पूर्ण पुसलेली असते, आणि मग प्रॉफेट फक्त शेवटच्या तासात कोण दिसलं यावर निर्णय घेतो. मी अशाच रोज एकदा भेटणाऱ्या फोनच्या ट्रेसवर, म्हणजे भेटींच्या खऱ्या नोंदींवर, हे डिफॉल्टने चालवलं, आकडे वाईट आले, आणि प्रॉफेट निकामी आहे असं लिहूनही टाकलं होतं. चूक युनिटमध्ये होती. दिवसाला ओळख निम्मी व्हावी असं वाटत असेल तर दिवसात साधारण ३४ युनिट हवेत, म्हणजे एक युनिट सुमारे ४२ मिनिटांचं. ३० सेकंद आणि ४२ मिनिटं! प्रॉफेटबद्दल वाईट मत असणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो की युनिट किती ठेवलं होतं.

आणि एक गैरसमज. प्रॉफेट काटकसरी आहे असं समजतात, पण मेसेज दिल्यावर तो आपली कॉपी टाकत नाही, दोघांकडे राहते. वरच्या पायरीचा माणूस भेटत गेला की कॉपी वाढतच जातात आणि त्यांना कुठली वरची मर्यादा नाही. एपिडेमिकपेक्षा कमी, पण स्प्रेसारखं बजेट हातात नाही. शिवाय विश्वासाचा भाग आहे, एखाद्या नोडनं खोटं सांगितलं की माझा आकडा सगळ्यांसाठी ०.९९ आहे, तर सगळे मेसेज तिच्याकडे वाहत जातात आणि तिनं ते गिळले तर कळतही नाही. अनोळखी लोकांचे फोन वापरायचे असतील तर याचा आधी विचार करा. स्प्रेमध्ये हा धोका खूप कमी आहे कारण तिथे कोणाच्या सांगण्यावर काही ठरतच नाही.

मॅक्सप्रॉप आणि रॅपिड

आता ते ग्राफमध्ये वर असणारं. बर्जेस, गॅलघर, जेन्सेन आणि लेव्हिन, इन्फोकॉम परिषद २००६, आणि पेपरमागे ३० खऱ्या बसांवरच्या नेटवर्कचे ६० दिवसांचे ट्रेस, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचं डीझेलनेट. मला या कामाबद्दल फार आदर आहे, कारण त्यांनी प्रश्नच वेगळा विचारला, भेट छोटी आहे तर आधी काय पाठवू आणि बफर भरला तर काय टाकू.

प्रत्येक नोड बाकीच्यांना भेटायची शक्यता ठेवते, सगळ्यांची बेरीज एक. एकूण पाच नोड असतील तर सुरुवातीला प्रत्येकीला ०.२५. एक भेटली की तिच्यात एक मिळवायचा आणि सगळ्यांना दोनने भागायचं, ती ०.६२५ आणि बाकीच्या ०.१२५ वर. हे आकडे सगळ्यांना वाटले जातात आणि त्यावरून मेसेजच्या रस्त्याची किंमत काढतात. पाठवताना नवे, कमी हॉप झालेले, म्हणजे कमी हातांतून गेलेले मेसेज पुढे, म्हणजे त्यांना निदान बाहेर पडायची संधी मिळते, मग किमतीप्रमाणे. टाकताना उलट्या बाजूने. आणि पोचलेल्या मेसेजची पावती सगळीकडे वाटायची, ज्याला पावती मिळाली त्यानं कॉपी पुसायची.

किंमत काय मोजायची? प्रत्येकीकडे सगळ्यांचे आकडे हवेत. ३० बसांना ३० गुणिले ३०, ९०० आकडे, काहीच नाही. १००० फोनला दहा लाख, आणि १० सेकंदांच्या भेटीत ही यादी द्यायची का मेसेज द्यायचे? म्हणून माझं मत, ठरावीक संख्येची, मोठ्या बफरची, वीज असलेली वाहनं असतील तर मॅक्सप्रॉप नक्की घ्या, उघड्या गर्दीच्या ॲपसाठी नको. रॅपिड २००७ चं, त्याच विद्यापीठातलं, तिथे तुम्ही आधी सांगायचं की मला सरासरी उशीर कमी हवा का डेडलाइन चुकायला नकोत, आणि त्या हिशोबाने प्रत्येक कॉपीचा फायदा भागिले आकार काढून क्रम लावतात. सुंदर आहे, पण स्वतः लिहायला आणि तपासायला वेळ लागतो, छोट्या टीमनं विचार करून हात घालावा.

भेटी आधीच ठरलेल्या असतील तर

मग वरचं सगळं बाजूला ठेवा. उपग्रह कधी दिसणार हे आधीच माहीत असतं, तिथे शक्यता कशाला मोजायच्या? कॉन्टॅक्ट ग्राफ राउटिंगमध्ये प्रत्येक भेटीची सुरुवात, शेवट आणि वेग यांची यादी नोडला देतात आणि ती सगळ्यात लवकर पोचवणारा रस्ता काढते, एकच कॉपी, काहीही वाया नाही. नासाच्या आयन सॉफ्टवेअरमध्ये हे आहे, २०१९ ला अंतराळ संस्थांच्या मानकातही आलं. वेळापत्रकाच्या वाहनांना लावायचा मोह होतो, पण गाडी उशिरा आली की ठरलेली भेट हुकते आणि त्याच भेटीवर बसलेले सगळे मेसेज अडकतात, तेव्हा वेळापत्रक किती पाळलं जातं ते मोजून मगच.

आणि नोड कुठे फिरतील हे तुम्हीच ठरवू शकत असाल तर त्यापेक्षा भाग्य नाही. झाओ, अम्मार आणि झेगुरा यांचं २००४ चं मेसेज फेरी, म्हणजे नावेसारखी एक नोड मुद्दाम फिरवायची, किंवा त्याच सुमारास भारतात आणि कंबोडियात चाललेलं डाकनेट, जिथे बस आणि मोटरसायकलवरचं वायफाय गावागावांतून मेसेज गोळा करून न्यायचं. एक भरवशाचा वाहक पन्नास बेभरवशाच्या फोनना भारी पडतो. राउटिंगवर महिना घालवण्याआधी एखादं वाहन रोज दोनदा फिरवता येईल का, हे विचारून बघा.

सगळा डेटा एकाच जागी न्यायचा असेल, सेन्सरचा वगैरे, तर केनियातल्या झेब्रानेटची युक्ती पुरते. झेब्र्यांच्या गळ्यातले पट्टे फक्त एवढंच लक्षात ठेवायचे की बेस स्टेशन आपल्याला हल्ली किती वेळा भेटलं, प्रत्येकीकडे एक आकडा, बस. एकच ठिकाण असताना प्रॉफेटची सगळी यादी लागत नाही.

सिमबेट आणि बबल रॅप, म्हणजे ओळखीपाळखीच्या जाळ्यावर, कोण जास्त लोकांना जोडतो यावर चालणारे, वाचायला फार छान, आणि घोळक्यांचा प्रश्न ते खरोखर हाताळतात. पण जोडणारा माणूस एकच असला की सगळ्यांचा भार त्याच्या बॅटरीवर येतो, त्याचा फोन दुपारी बंद पडला की दोन घोळके तुटतात. म्हणून मी ते पूर्ण राउटर म्हणून घेत नाही, स्प्रे अँड फोकसमध्ये शेवटची कॉपी कोणाकडे सरकवायची हे ठरवायला त्यांचं मोजमाप घेतो.

मग मी काय घेईन

फोनचं ॲप, फक्त मजकूर, काही शे लोक, तर एपिडेमिक, टीटीएल मर्यादित आणि पावत्या चालू. फोटो आणि आवाजही जाणार असेल तर बायनरी स्प्रे, एल बजेटवरून, आणि लोक घोळक्यात राहणारे असतील तर फोकस. रोजच्या फेऱ्यांचे, तेच तेच भेटणारे नोड असतील तर प्रॉफेटची दुसरी आवृत्ती, युनिट भेटींच्या अंतरावरून काढलेलं. तीस-चाळीस वाहनं असतील तर मॅक्सप्रॉप. आणि यातलं काहीही घेतलं तरी शेजारी डायरेक्ट डिलिव्हरीही चालवून बघा, म्हणजे ज्याचा मेसेज त्यालाच भेटून द्यायचा, मध्ये कोणी नाही. तुमचा निवडलेला प्रोटोकॉल त्यापेक्षा थोडासाच बरा ठरत असेल तर बॅटरी कशासाठी जाळताय?

पावत्यांबद्दल मला आग्रहाने सांगायचंय. मॅक्सप्रॉपच्या यशाचं श्रेय लोक त्याच्या शक्यतांना देतात, पण पोचलेल्याची पावती वाटणं हा तुकडा सुटा काढून एपिडेमिकला, स्प्रेला, प्रॉफेटला, कशालाही लावता येतो. पावती म्हणजे मेसेजचा ओळखक्रमांक, काही बाइट, आणि ती पाऊण एमबीची जागा मोकळी करते. वर जे दोन कॉपींचं बजेट निघालं ते पोचलेले मेसेज पुसले जात नाहीत असं धरून होतं. निम्मे मेसेज लवकर पोचून पुसले गेले तर बजेट जवळपास दुप्पट होतं, राउटर न बदलता.

सिम्युलेशनवर किती विसंबायचं, तर भेटींचा साचा खरा असेल तेवढंच. नोड कुठेही कशाही फिरतात असं धरलं की भेटींमधलं अंतर सरासरीच्या आसपास राहतं, पण खऱ्या माणसांच्या ट्रेसमध्ये तसं दिसत नाही, २००६ मध्ये शांत्रो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लांबच लांब अंतरं कितीतरी जास्त असतात, आणि पुढच्या वर्षी कराजियानिस वगैरेंनी दाखवलं की साधारण अर्ध्या दिवसाच्या पुढे ती झपाट्याने घटतात. म्हणजे सरासरी भेट दोन तासांनी असं म्हणून टीटीएल चार तास ठेवलं तर संध्याकाळी निघालेला मेसेज रात्रीतच मरतो. एक रात्र तरी ओलांडेल एवढं आयुष्य द्या, आणि जागा पुरत नसेल तर कॉपी कमी करा.

म्हणून काहीही लिहायच्या आधी एक रिकामं ॲप करा जे मेसेज पाठवत नाही, फक्त कोण कधी दिसलं आणि किती सेकंद राहिलं ते लिहून ठेवतं, आणि ते दोन आठवडे खऱ्या लोकांच्या फोनवर चालवा. सिम्युलेटरमध्ये फोन कायम जागा असतो, हातातला फोन बॅटरी वाचवायला ॲप झोपवतो, आयफोन तर बॅकग्राउंडमध्ये गेला की इतर कंपन्यांच्या फोनना ब्लूटूथवर जवळजवळ दिसेनासा होतो. भेटी तुमच्या अंदाजापेक्षा कमी निघतील. ती नोंद वनमध्ये भेटींची फाइल म्हणून घालता येते, मग त्याच भेटींवर चारही राउटर चालवून बघा.

तयार सॉफ्टवेअर हवं असेल तर गो भाषेतलं डीटीएन७ बघा, त्यात एपिडेमिक, साधा आणि बायनरी असे दोन्ही स्प्रे आणि प्रॉफेट आहेत, कॉन्फिगरेशनमध्ये एक ओळ बदलून राउटर बदलतो, त्यामुळे निर्णय चुकला तरी सगळं पाडून परत बांधावं लागत नाही. मजकूर टोकापासून टोकापर्यंत एन्क्रिप्ट केलेलाच हवा, कारण तुमचा मेसेज अनोळखी लोकांच्या खिशात रात्रभर राहणार आहे. आणि घड्याळं. जुन्या आरएफसी ५०५० मध्ये सगळ्यांची घड्याळं जुळलेली आहेत असं धरलं होतं, इंटरनेट नसलेल्या जागी ती जुळत नाहीत, एखादी नोड तासभर पुढे असली की ती चांगले मेसेज मुदत संपली म्हणून फेकत बसते आणि तुम्ही राउटिंगला दोष देता. नव्या ९१७१ मध्ये ज्याच्याकडे खात्रीचं घड्याळ नाही तो जन्मवेळ शून्य लिहितो आणि सोबत मेसेजचं वय ठेवतो, प्रत्येक नोड आपल्याकडे किती वेळ राहिला तेवढं वयात मिळवते. स्वतःचं काही लिहीत असाल तरी हीच पद्धत घ्या.